जिन्यातली एकच पायरी वेगळी निघाली : घरात जिना कोण मोजतं?

कडुनिंब · २१ एप्रिल, रात्री ९:१५

मागच्या गुरुवारी आई गच्चीच्या जिन्यात पडली. संध्याकाळी साडेपाचला वाळलेल्या कुरड्यांचं ताट घेऊन खाली येत होती. गच्चीच्या दारातून पहिलंच पाऊल टाकलं आणि तोल गेला, चार पायऱ्या घसरत खाली आली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. डोकं वाचलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वय झालं आता, सांभाळून चालायला हवं." आई ६८ वर्षांची आहे. अकरा वर्षं याच जिन्यानं दिवसातून चार वेळा ये-जा करते. मला ते पटेना. शिवाय त्याच जागी माझाही पाय दोनदा हुकला आहे आणि दोन्ही वेळा आम्ही चपलेला दोष दिला होता.

आज सकाळी टेप घेऊन जिन्यात बसले. मधल्या पायऱ्यांची उंची १७ सेंटिमीटर. गच्चीच्या दाराशी असलेली सगळ्यात वरची : २४.४ सेंटिमीटर. तीनदा मोजली.

हे घर आम्ही प्लॉट घेऊन बांधून घेतलं. नकाशा मंजूर होता, इंजिनिअर होते, ठेकेदार होता. मग हे कोणाच्याच नजरेत कसं आलं नाही? जिन्याला काही नियम असतात का, आणि घर घेताना किंवा ताब्यात घेताना ते तपासायचं काम कोणाचं?

निशिगंध · २१ एप्रिल, रात्री ९:५०

काकूंना लवकर बरं वाटो. सात सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ तीन इंच! वाचून मी आत्ता आमच्या जिन्यात जाऊन आले. आमची सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. वीस वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

ओळंबा · २१ एप्रिल, रात्री ११:०५

कडुनिंब ताई, तुमच्या आईंची काहीही चूक नाही, हे त्यांना माझ्या वतीनं नक्की सांगा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं ताबा घेण्याआधी लोकांची घरं तपासून देतो, त्यामुळे हा दोष मला वरचेवर दिसतो.

माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही, पायांनी चढतो. पहिल्या दोन पायऱ्यांत शरीर माप घेतं आणि पुढे न बघता तेवढाच पाय उचलतं. चढताना मधल्या पायऱ्यांनी जे माप शिकवलं, तेच उतरतानाही पायात असतं. आईंच्या पायाला १७ सेंटिमीटरवर दगड लागायला हवा होता. तो लागला नाही, आणि वजन आधीच पुढे गेलेलं होतं.

आता हे होतं कसं. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावताना मिस्त्री सगळे चढ, म्हणजे पायऱ्यांची उंची, अगदी सारखे काढतो, समजा १७० मिमी. काँक्रीट उत्तम होतं. नंतर पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि खालचा मसाला मिळून ४० मिमी चढतात. खोल्यांमध्ये मात्र भराव, मसाला, टाइल मिळून ७५ मिमी. म्हणजे खालची पहिली पायरी १७० + ४० − ७५ = १३५ उरली. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) मिळून दाराशी ११५ मिमी धरा. शेवटची पायरी झाली १७० + ११५ − ४० = २४५. तुमचा टेप २४४ म्हणतो. माझा अंदाज आहे की तुमची सगळ्यात खालची पायरी १३५ च्या आसपास निघेल. उद्या मोजून सांगा.

नियम आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ राहत्या घरासाठी चढ जास्तीत जास्त १९० मिमी, पाऊल ठेवायची रुंदी नोझिंग (पायरीची पुढे आलेली कड) सोडून किमान २५० मिमी आणि जिन्याखालून जाताना डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी जागा सांगते. कठड्याची उंची पायरीच्या मध्यापासून १००० मिमी. ही संहिता मार्गदर्शक आहे. आपल्याला प्रत्यक्ष बांधून ठेवतात ती राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तुमचं घर त्याआधीचं दिसतं, पण २४४ कुठल्याच काळात बसलं नसतं.

तरी माझं मत सांगतो. सगळ्या पायऱ्या १८५ च्या असल्या तर गुडघे कुरकुरतील, पण माणूस पडणार नाही. सतरा पायऱ्या १६० च्या आणि एक १८५ ची असेल तर प्रत्येक पायरी नियमात बसते, आणि तरीही तो जिना माणूस पाडतो. म्हणून एक पायरी मोजून कागदावर खूण करणारी तपासणी मी तपासणी मानत नाही. प्रत्येक पायरी मोजायची.

गवंडीकाम ते ठेकेदारी · २२ एप्रिल, सकाळी ७:२०

ओळंबा साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. तीस वर्षं ठेकेदारी करून राहिलो, म्हणून बोलतो. जिन्याचं सेंटरिंग लागते तेव्हा मालकानं फरशी ठरवलीच नसते. मी विचारतो, "हॉलमध्ये काय टाकणार?" तो म्हणते, "पाहू मग." सहा महिन्यांनी कोणी कोटा आणते, कोणी दोन बाय चारच्या टाइल्स आणते, आणि तोवर जिना ओतून झाला असते.

दुसरी गोष्ट, मालक म्हणते पायऱ्यांची संख्या विषम पाहिजे. याले माझा विरोध नाही. दहा फूट उंचीले सोळा केल्या तर एक चढ साडेसात इंच येते, सतरा केल्या तर सात इंचाले जरासा वर. सतराच बऱ्या. पण हे नकाशाच्या वेळी बोला ना बाप्पा! एका मालकानं स्लॅब झाल्यावर पायऱ्या मोजल्या, सोळा निघाल्या. मी खाली विटांची एक पायरी लावून दिली, चार इंचाची. त्या घरची सून गरोदरपणी तिथंच अडखळली. देवाच्या दयेनं काही झालं नाही, पण ते काम माझ्या हातचं होतं अन् मले ते आजही खुपते.

तेव्हापासून एकच करतो. पाण्याच्या नळीनं खालच्या अन् वरच्या मजल्याची तयार लेव्हल भिंतीवर मारतो. तयार म्हणजे फरशी बसल्यावरची. मधल्या अंतराचे सारखे भाग पाडून सगळ्या पायऱ्या भिंतीवर आखतो, मगच सुताराले हात लावू देतो. अर्धा दिवस जाते, बस.

दूरदेशी धंतोली · २२ एप्रिल, सकाळी ८:४०

मी मूळ नागपूरच्या धंतोलीचा, सध्या टेक्सासमध्ये. इथे घर घेताना होम इन्स्पेक्टर नेमायची रीत आहे. आमच्याकडे आलेला माणूस जिन्यात बराच वेळ टेप घेऊन बसला होता. मला तेव्हा तो वेळ वाया घालवतोय असं वाटलं.

त्यानं अहवालात लिहिलं की सगळ्यात वरचा चढ बाकीच्यांपेक्षा पाऊण इंचानं जास्त आहे. आधीच्या मालकानं वरच्या मजल्यावरचा गालिचा काढून लाकडी फरशी टाकली होती. ओळंबांनी सांगितलेला हिशोब तोच, फक्त कोब्याच्या जागी लाकूड. इथल्या घरांसाठीच्या आदर्श संहितेत, म्हणजे आयआरसीमध्ये, एका फ्लाइटमधल्या, म्हणजे सलग पायऱ्यांच्या एका टप्प्यातल्या, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चढात ३/८ इंचापेक्षा, म्हणजे साडेनऊ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. चढ जास्तीत जास्त पावणेआठ इंच, पायरीची रुंदी किमान दहा इंच. चार किंवा जास्त चढ असले की एका बाजूला तरी हातधरणी हवी, ३४ ते ३८ इंच उंचीवर. कठड्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये, कारण लहान मुलाचं धड निसटलं की डोकं अडकतं. जिन्याच्या उघड्या कडेला ही सूट ४ ३/८ इंचांपर्यंत आहे. राज्यं आणि शहरं यात आपापले बदल करतात.

एक गैरसमज मात्र माझाही होता. हा इन्स्पेक्टर सरकारी नसतो आणि "नियमभंग" असा शिक्काही मारत नाही. जुनं घर जुन्या नियमानं बांधलेलं असू शकतं. त्याचं काम एवढंच, की धोका दिसला तर लिहायचं. घर विकत घ्यायचं की नाही, दुरुस्ती कोण करणार, हे पुढे आपण ठरवायचं.

वाड्यातला · २२ एप्रिल, दुपारी १:१०

सगळं वाचलं, आदरानं एक शंका विचारतो. आमचा नागपूरच्या महाल भागातला वाडा. माडीचा जिना लाकडी, जवळजवळ शिडीसारखा उभा, अंधारा, आणि धरायला वरून सोडलेला दोर. त्या जिन्यानं माझी आजी नव्वदीपर्यंत चढउतार करायची. मग आताच हे मिलिमीटर कुठून आले?

ओळंबा · २२ एप्रिल, दुपारी ३:३०

शंका योग्य आहे. त्या दोराकडे बघा. आजी दोर धरल्याशिवाय पहिलं पाऊल टाकत नसणार, आणि तो दोर मुठीत पूर्ण मावत होता. उभा जिना माणसाला सावध ठेवतो, दोन्ही हात मोकळे ठेवायला लावतो. आजचा जिना रुंद आणि गुळगुळीत, म्हणून आपण ताट, बादली, मोबाइल घेऊन निर्धास्त उतरतो. आणि धरायला काय ठेवतो? विटांचा कठडा, वर आठ इंच रुंद ग्रॅनाइट. त्यावर हात टेकतो, पण पडताना मूठ आवळली जात नाही. मुठीत मावणारा गोल पाइप हवा, साधारण ३२ ते ५० मिमी व्यासाचा, भिंतीपासून किमान ३८ मिमी सुटा, म्हणजे बोटं मागून जातात. वाड्यातले जिने सुरक्षित होते असं मी म्हणणार नाही, तिथेही माणसं पडलीच असतील. पण तो दोर आपण गमावला हे खरं.

आजीची नात · २२ एप्रिल, रात्री ८:००

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कडुनिंब ताई, दोन गोष्टी विचारते. आई दुहेरी भिंगाचा चष्मा लावतात का? आणि जिन्यात दिवा कुठे आहे?

विचारायचं कारण असं. बायफोकलचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना नजर नेमकी त्यातून जाते आणि चार-पाच फुटांवरची पायरीची कड धूसर दिसते. त्यात एप्रिलमधलं आपलं गच्चीवरचं ऊन. तिथून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि पहिली पायरी नेमकी त्याच वेळी येते. वर पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या असतील तर एक कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते ते तरण्या डोळ्यांनाही कळत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांची फिकट पट्टी लावा. हे उद्याच करता येईल.

आणि प्लास्टर असेपर्यंत त्यांना गच्चीवर जाऊ देऊ नका, हे तुम्ही करतच असाल. ज्यांचा गुडघा किंवा पाय दुखतो त्यांच्यासाठी : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कायम कठड्यावर.

कडुनिंब · २३ एप्रिल, सकाळी १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला ओळंबांचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण परत एकदा वाचायला सांगितलं.

चष्मा बायफोकलच आहे. जिन्यात एकच दिवा, तोही खालच्या लँडिंगवर. ग्रॅनाइट काळा आणि पॉलिश केलेला.

मापं : पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत १८ चढ. सगळ्यात खालचा १३६ मिमी. मधले सोळा १७० च्या आसपास, एखाद-दोन मिमी इकडेतिकडे. सगळ्यात वरचा २४४. एकूण उंची ३१०० मिमी. पायरीची रुंदी २६०. स्टीलचा कठडा ९०० मिमी उंच, चौकोनी नळीचा.

ओळंबा, १३६ बघून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. तुम्ही घर न बघता सांगितलं होतं. आता हे दुरुस्त कसं करू? ठेकेदार म्हणतो, वरच्या पायरीवर एक छोटी अर्धी पायरी बसवून देतो.

ओळंबा · २३ एप्रिल, रात्री ९:४५

अर्धी पायरी अजिबात नको. आज एक सापळा आहे, मग दोन होतील, आणि तेही दाराच्या तोंडाशी.

३१०० भागिले १८, म्हणजे एक चढ १७२. वरचा कोबा तोडायचा नाही, गच्ची गळेल. म्हणून जुना ग्रॅनाइट आणि मसाला काढून सगळ्या पायऱ्या नव्यानं घ्यायच्या, प्रत्येक आधीपेक्षा थोडी जास्त उचलून. सगळ्यात खालची ३६ मिमी वर येईल, मग दर पायरीला दोन मिमीहून थोडी जास्त वाढ, आणि शेवटची, सतरावी, ७२ मिमी. मधलं लँडिंगही उचलायचं, ते विसरतात.

यात तीन गोष्टी सांभाळा. पहिली, वजन. सरासरी ५४ मिमी भर सिमेंट मसाल्यानं भरली तर दर चौरस मीटरला ११० किलोच्या आसपास कायमचा जादा भार येतो. घरातल्या जिन्यावर माणसं-सामानासाठी आयएस ८७५, म्हणजे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो धरतं, यावरून हे किती झालं ते बघा. म्हणून भर एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) कापलेल्या पट्ट्यांची घ्या, वर दगड. आणि तरीही तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला जिन्याचं रेखाचित्र दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका.

दुसरी, पायऱ्या वर आल्या की तुमचा ९०० चा कठडा खाली ८६४ आणि वर ८२८ उरेल. तो उंच करावा लागेल. तेव्हाच वर गोल पाइप जोडून १००० करून घ्या. तिसरी, गच्चीच्या दाराखाली आणि जिन्याच्या वरच्या स्लॅबखाली डोक्याची जागा पुन्हा मोजा.

हे सगळं व्हायला महिने लागतील. तोवर उद्या सकाळी वरच्या पायरीला पिवळी पट्टी, गच्चीच्या दाराशी दिवा, भिंतीच्या बाजूनं एक पाइप.

बेसा नवीन · २४ एप्रिल, सकाळी ११:००

पुढच्या महिन्यात आम्हाला फ्लॅटचा ताबा मिळतोय. स्कीम नोंदणीकृत आहे. तपासायला सोबत काय नेऊ? आणि दोष निघाला तर बिल्डर ऐकेल का?

ओळंबा · २४ एप्रिल, दुपारी १२:३०

टेप, पाणसळ, टॉर्च आणि पाण्याची एक बाटली. लिफ्ट सोडून जिन्यानं जा. प्रत्येक फ्लाइटची पहिली आणि शेवटची पायरी आधी मोजा, दोष बहुतेक तिथेच असतो, मग उरलेल्या. ग्रॅनाइटवर पाणी टाकून चपलेनं घासून बघा. कठडा दोन्ही हातांनी धरून हलवा, आडवे गज असतील तर पोरं त्यावर शिडीसारखी चढतात हे लक्षात घ्या. एकदा अंधार पडल्यावर जा. आणि जिन्याखाली बघा. मीटरचा बोर्ड, शेजारी उभ्या गाड्या, आता त्यात चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. तिथे आग लागली तर धूर जिन्यातूनच वर चढणार, आणि उतरायची वाट तीच.

रेरा कायद्याचं कलम १४(३) आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला तर प्रवर्तकानं, म्हणजे बिल्डरनं, ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. तोंडी सांगू नका. टेप दिसेल असे फोटो लावून लेखी द्या. आपल्याकडे घर तपासणाऱ्याला कुठलाही सरकारी परवाना नसतो, त्यामुळे माझ्यासारख्याच्या अहवालाला वजन येतं ते मोजमाप आणि फोटोंमुळेच.

स्वतः प्लॉटवर बांधणाऱ्यांना हे कलम उपयोगी नाही. त्यांनी करारात एक ओळ लिहून घ्या : "फरशी बसल्यानंतर कुठल्याही दोन चढांत १० मिमीपेक्षा जास्त फरक नसावा, असल्यास ठेकेदार स्वखर्चानं दुरुस्त करील."

वरच्या मजल्यावरची भाडेकरू · २४ एप्रिल, रात्री १०:१५

नंदनवनात राहते. आम्हाला वर जायला मागच्या अंगणातून लोखंडी गोल जिना आहे. आतल्या बाजूला पाऊल मावत नाही, मे महिन्यात दुपारी कठडा हात भाजेल इतका तापतो, म्हणून कोणी धरतच नाही. कूलरमध्ये पाणी भरताना सांडलं की पत्रा निसरडा होतो. कडेवर बाळ असतं. घरमालकांना काय सांगू?

गवंडीकाम ते ठेकेदारी · २५ एप्रिल, सकाळी ६:५५

ताई, बाळाले घेऊन बाहेरच्या कडेनं चाला, आतून नाही. कठड्यावर नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळून घ्या, हात भाजत नाही अन् घसरत नाही. पत्र्यावर चेकर्ड प्लेट (उठावदार नक्षीचा पत्रा) वेल्ड करून देता येते, एका दिवसाचं काम. संहितेत गोल जिन्याचा व्यास दीड मीटरपेक्षा कमी चालत नाही, अन् तो कमी माणसांच्या जा-येसाठी, नऊ मीटर उंचीपर्यंतच. मालकाले म्हणा, एकदा टेप लावून पाहू. कूलरची नळी जिन्यावरून काढून भिंतीनं न्यायला लावा, ते आधी.

कडुनिंब · १४ जुलै, रात्री ८:३०

बऱ्याच जणांनी पुढे काय झालं विचारलं, म्हणून लिहिते. स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी रेखाचित्र बघून होकार दिला. काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं, मध्ये पावसानं चार दिवस थांबलं. मिस्त्रीनं आधी भिंतीवर अठरा खुणा मारल्या. त्या मी स्वतः मोजल्या, मगच पहिली पट्टी बसली. एका जागी सातव्या पायरीला मसाला जास्त झाला होता, १८१ आलं. त्यानं काही न बोलता दगड काढला आणि पुन्हा बसवला.

आज सगळे चढ १७० ते १७५ मध्ये आहेत. दगड पॉलिश न केलेला, कडेला फिकट पिवळी पट्टी. दोन्ही बाजूंना गोल पाइप.

आईचं प्लास्टर निघून सहा आठवडे झाले, मूठ अजून पूर्ण मिटत नाही, म्हणून ती डाव्या हातानं पाइप धरते. काल पहिल्यांदा एकटी गच्चीवर जाऊन आली. मी खाली उभी होते. वरच्या पायरीशी ती थांबली, पायानं कड चाचपली, मग उतरली. मधल्या पायऱ्यांवर कुठेच थांबली नाही.

गच्चीच्या दाराशी तात्पुरता बल्ब लटकतोय. तो बदलून वर आणि खाली दोन्हीकडे बटण असलेला दिवा घ्यायचा आहे, इलेक्ट्रिशियन रविवारी येणार आहे.